पायांतलं बळ

योगिनीने हरिहरांच्या मांडीभोवती टेप दोनदा फिरवली. आकडा तोच आला. गेल्या मंगळवारपेक्षा अर्धा सेंटिमीटर कमी.

"काका, असं व्हायला नको. महिनाभर मांडी छान भरत होती. पंधरा दिवसांपूर्वी तर तुम्ही आधाराशिवाय उभे राहिलेलात."

हरिहर उशीला टेकून बसले होते. फुप्फुसांच्या आजाराने दोन वर्षं ते अंथरुणाला खिळलेले. नाकात ऑक्सिजनची नळी, दोन्ही मांड्यांवर मशीनचे पॅड. व्यायामाला श्वास पुरत नाही, म्हणून विजेचे हलके झटके देऊन स्नायूंकडून काम करून घ्यायचं, असा हा उपचार. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट योगिनी दर मंगळवारी दुपारी बाळकुममधल्या या चौदाव्या मजल्यावरच्या घरी यायची. एरवी मशीन लावायचं काम हरिहरांच्या बायकोचं, सरोजकाकूंचं.

योगिनीने मशीनवरचा झटक्यांचा आकडा तीसवर नेला. मांडीचा स्नायू टरारून वर आला, सैल पडला, पुन्हा वर आला.

"हे असं," हरिहर म्हणाले. दर वाक्यानंतर ते श्वासासाठी थांबत. "तू लावतेस तेव्हा असं होतं. हिने लावलं की नुसत्या मुंग्या येतात."

सरोजकाकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

योगिनीने मशीनमधली नोंद उघडली. हरिहर उभे राहिले त्या दिवसापर्यंत रोज तीस. दुसऱ्या दिवसापासून, ती स्वतः आली तो मंगळवार सोडला तर, रोज बारा.

"अरे, हे तर बारावरच चाललंय!" ती बोलून गेली. "काकू, मी तीसवर सेट केलेलं. बारावर काहीच उपयोग नाही."

"माझं चुकलं असेल गं."

"रोज चुकलं," हरिहर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. बायकोकडे बघून ते हसलेसुद्धा. "असू दे. मशीन माझ्याजवळ ठेव, योगिनी. यापुढे मीच लावत जाईन."

काकूंनी कप पुढे केला. बशीत चहा सांडला होता. गाऊनची बाही वर सरकली, तेव्हा योगिनीला दिसलं, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध हाड वाकडं जुळून आलेलं होतं.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. योगिनीने लिफ्टचं बटण दाबलं आणि परत वळली.

"काकू, हात कधी मोडलेला?"

"झाली बरीच वर्षं. बाथरूममध्ये पडले होते."

पडल्यावर बहुधा मनगट मोडतं. मनगट आणि कोपर यांच्या मधलं हाड मोडतं ते डोक्यावर येणारा फटका हाताने अडवल्यावर. योगिनी हे कॉलेजात शिकलेली.

"मी सारखी पडायचे," काकू अगदी हळू म्हणाल्या. "या दोन वर्षांत एकदाही पडले नाही."

महिनाभर त्या मांड्या योगिनीनेच भरून आणल्या होत्या. दर मंगळवारी टेप लावून खूश झाली होती.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होते? माझ्या नवऱ्याला बरं करू नकोस म्हणून?"

आत पलंग करकरला. मग फरशीवर पाऊल घासल्याचा आवाज. थांबला. पुन्हा आला.

पॅसेजच्या टोकाला हरिहर उभे होते. एक हात भिंतीला, मागे फरशीवर लांबत आलेली ऑक्सिजनची नळी. कपाळावर घाम डवरला होता, गुडघे थरथरत होते, पण ते उभे होते. त्यांनी योगिनीकडे बघितलंही नाही.

"सरोज," ते म्हणाले. एक श्वास घेतला. "दार लावून घे."

काकूंचा हात आपोआप कडीकडे गेला.

लिफ्ट आली, तिचं दार उघडलं, बंद झालं. योगिनीने खांद्यावरची बॅग काढली आणि उंबरठ्यावर ठेवली, दार लागणार नाही अशी.

हरिहरांनी भिंतीवरचा हात सोडला आणि पुढचं पाऊल टाकलं.