कबरीचे दात

हरिहरपंतांनी कबरी शेळीचा वरचा ओठ अंगठ्याने उचलला आणि चष्मा नीट केला.

"वरती एकसुद्धा दात नाही. खालचेही मधले दोन गेलेत. बघ, सुमेधा, तूच बघ."

सुमेधा बघत होती. तिच्या कडेवरची सात महिन्यांची हेमाही वाकून शेळीच्या तोंडात बघत होती.

"म्हातारी शेळी दिली तुझ्या वडिलांनी," हरिहरपंत म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं हळहळून म्हटलं. "फसले असतील बिचारे. शेजारच्या भाऊला सांगून ठेवलंय. दुपारी कल्याणच्या बाजारात नेईल."

म्हणजे आळीत सगळ्यांना कळलं होतं.

कबरी दोन-तीन दिवस खात नव्हती हे खरं होतं. घास घ्यायची, थोडा चावायची आणि अर्धवट चावलेला गोळा खाली टाकायची. तोंडातून हिरवी लाळ गळे. दूध वाटीभरावर आलं होतं. सुमेधाच्या अंगावरचं दूध हेमाला पुरत नव्हतं आणि डब्यातलं पोटात ठरत नव्हतं. म्हणून तर वडिलांनी शेळी पाठवली होती, मुरबाडहून, स्वतः निवडून.

हरिहरपंतांचा जन्म गिरगावात गेला होता. पेन्शन घेऊन डोंबिवलीला घर बांधलं तेव्हा त्यांची जनावरांशी ओळख व्हिक्टोरिया गाडीच्या घोड्यापुरतीच होती. घोडेवाले जबडा उघडून वय सांगत, ते त्यांनी उभं राहून ऐकलं होतं. शेळीला वरचे पुढचे दात कधीच नसतात, हे सुमेधाला माहेरच्या गोठ्यात चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. पण सासऱ्यांना हे कसं सांगायचं? तिने हेमाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मामंजी, मग बदली एखादी बघायला हवी ना? शेतापलीकडे काळुरामकडे आहेत. तुम्हीच तोंडं बघून निवडा. तुम्हाला पारख आहे."

हे त्यांना आवडलं. छत्री उघडून ते बांधावरून निघाले.

परत आले तेव्हा धोतराला कुसळं लागली होती. ते पायरीवर बसले आणि बराच वेळ कुसळंच काढत राहिले.

"त्या काळुरामनं सगळ्या म्हाताऱ्याच पाळल्यात," ते शेवटी म्हणाले.

सुमेधा तांदूळ निवडत होती; हेमा शेजारी सतरंजीवर खेळत होती. तिने मान वर केली नाही. "सगळ्या?"

"सगळ्या. बोकडसुद्धा." आणखी एक कुसळ काढत ते म्हणाले, "एक करडू होतं. महिन्याचं असेल नसेल. म्हटलं, बघू या. बोट फिरवलं, तर वर नुसती टणक हिरडी. काळुराम विचारतो, 'तुमचा दात हरवला काय, दादा?'"

"मग?"

"मग काय, छत्री घेतली नि आलो."

सुमेधाने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते ते दिसलेच.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि मला उन्हात पाठवलंस."

"छत्री होती ना तुमच्याजवळ, मामंजी."

हरिहरपंतांनी तिच्याकडे बघितलं. मिशी जरा हलली. मग ते गंभीर झाले. "पण खालचे दोन गेलेत, ते तर खरं?"

ती उठली. कबरीचा खालचा ओठ खाली ओढून तिने त्यांचं बोट मधल्या फटीवर टेकवलं. हिरडीतून काहीतरी धारदार, पांढरं वर येत होतं.

"दुधाचे पडले. हे कायमचे येतायत, रुंद. वर्ष उलटलं की येतात."

"मग खात का नाही?"

हे तिलाही सांगता येईना. तिने कबरीचे दोन्ही गाल बाहेरून एकदम चाचपले. डावा मऊ होता. उजव्यात लिंबाएवढी गाठ लागली आणि दाबताच कबरीने मान झटकली.

तिने सरपणातलं एक जाड लाकूड आणलं. हरिहरपंतांनी कबरीची मान काखेत धरली आणि लाकूड तिच्या जबड्यात आडवं घातलं.

"घट्ट धरा हं. मागच्या दाढांत बोट सापडलं तर जायचंच."

"तुझं बोट गेलं तर तुझे वडील मला सोडतील का? सावकाश."

तिने गालाच्या आतून बोट सरकवलं. आंबलेल्या गवताचा बोळा निघाला. घाण वास आला. पुन्हा बोट घातलं, तेव्हा दाढेच्या बाजूला गालात रुतलेला बाभळीचा काटा हाताला लागला. तो तिने हळूच ओढून काढला. कोमट मिठाच्या पाण्याने तोंड धुताना कबरीने दोघांनाही भिजवलं. मग तिच्यापुढे कोंडा घातलेली कोमट पेज ठेवली. आधी तिने नुसतं हुंगलं. मग भांडं चाटूनपुसून साफ केलं.

सुमेधा आत हात धुवायला गेली. हेमाला मांडीवर घेऊन हरिहरपंत ओटीवर बसले. समोर कबरी बसून रवंथ करत होती. तोंडातून काही पडत नव्हतं.

भाऊ दोर खांद्यावर टाकून आला. "चला, कुठाय तुमची म्हातारी?"

"म्हातारी कोण?"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, व्याह्यांनी गळ्यात मारली म्हणून?"

आत सुमेधाने तांब्या तसाच हातात धरून ठेवला.

"चुकलं माझं," हरिहरपंत म्हणाले. "पोर आहे ती, भाऊ. दात येतायत तिला. आणि हळू बोल, आत्ता कुठे पोटभर खाऊन बसलीय."