लाल गाडीचा हँडब्रेक

बाप वर्षभर खाटेवर होता तेव्हा कमलेश पोशेऱ्याला फिरकला नाही. बापाचा चिरा बसवायच्या दिवशी मात्र ठाण्याहून आला, तोही जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार मिरवत. मेलेल्या माणसासाठी चंद्र-सूर्य कोरलेला दगड बसवायचा, ही त्यांच्या घराण्याची रीत.

घर उतारावर आणि गाडीचा हँडब्रेक गंजून जाम झालेला. म्हणून त्याने चाकाखाली काहीतरी अडकवलं आणि मोखाड्याहून मेकॅनिक बोलावला.

इकडे भगत येऊन बसला, भाऊबंद जमले, आणि ओट्याशी ठेवलेला चिराच सापडेना. कमलेशच्या आईने, मंगळीने, सुनांपासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यांना फैलावर घेतलं.

"कमलेश, तू तरी शोध रं!"

"आये, गाडी बघू का दगड बघू? डोंगरात दगडांना काय तोटा? दुसरा आणा."

"दगड नाय तो. बाप हाय तुझा."

तेवढ्यात मेकॅनिकने नवी केबल ओढून पाहिली. "बसला ब्रेक, शेठ. काढा अडण."

कमलेशने बुटाच्या टोकाने चाकाखालचा दगड उलथवला. चिखलात चंद्र-सूर्य वर आले. कमलेश घाईने उचलायला वाकला, तर मंगळीने त्याचा हात झटकला आणि ओट्याकडे वळली.

"भगतबाबा, उठा आता. पोराने बाप बसवला. जिता असताना ठेवला होता, तिथंच."