डावा मडगार्ड

ग्राइंडर बॉनेटवरून फिरला आणि शिवहारच्या तोंडावर रंगाचा धुराळा बसला. पांढऱ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली काळा, आणि काळ्याखाली लख्ख उघडा पत्रा. हाताने पॉलिश पेपर मारून चार दिवसांत झालं नसतं ते काम नांदेडहून आणलेल्या या मशीनने दुपारपर्यंत उरकत आणलं होतं. शिवहार स्वतःवर जाम खूश होता.

गाडी किशनरावांची, सेनगावजवळच्या या गोरेगावात चाळीस वर्षं फिरलेली फियाट. पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा नवरदेव होऊन हिच्यातूनच मिरवणार होता. किशनराव स्वतः समोरच्या हॉटेलात, कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. शिवहारला या गाडीचं लहानपणापासून भारी कौतुक. तो सहा वर्षांचा असताना किशनरावांनी त्याला मांडीवर घेऊन अख्खी दुपार हॉर्न वाजवू दिला होता. एवढा मोठा माणूस, पण पोरावर एकदाही खेकसला नाही.

"डाव्या मडगार्डाला मशीन लावू नको," दारात बसलेला त्याचा बाप मुंजाजी तिसऱ्यांदा म्हणाला. गॅस वेल्डिंगने म्हाताऱ्याचे डोळे गेले होते. आता तो कानाने काम बघायचा. "वरून कागद मार अन् रंग दे. मालकानं बी तेच सांगितलं न्हवं का."

"काहून? सगळी गाडी उघडायची अन् तेवढाच तसाच ठेवायचा?"

"मी सांगून राहिलो म्हनून."

म्हाताऱ्याचं मशीनशी वाकडं आहे, दुसरं काय, असं मनाशी म्हणत शिवहार गालात हसला आणि ग्राइंडर मडगार्डवर टेकवला.

रंगाखाली बोटभर जाडीची पुट्टी होती. ती भुकटी होऊन खाली पडली. तिच्याखाली अंगठा जाईल एवढं भोक, पितळ ओतून बुजवलेलं. शेजारी खिळ्याने कोरलेली अक्षरं. ही मुंजाजीची जुनी सवय. पुट्टी भरण्याआधी तो पत्र्यावर दिवस कोरायचा, आपलं काम किती टिकलं ते पुढे कळावं म्हणून. तारखा त्याच्या ध्यानात राहत नसत, सण राहायचे. तालुक्यातल्या कितीतरी गाड्यांच्या रंगाखाली त्याच्या नागपंचम्या आणि दसरे होते. इथे कोरलं होतं, पोळ्याची कर, ९१.

शिवहारने मशीन बंद केलं.

त्या वर्षी पोळ्याच्या संध्याकाळी त्याचा थोरला भाऊ प्रभू बैलाला मारुतीच्या पाया पाडून परत येत होता. सेनगाव रस्त्यावर कुणीतरी त्याला उडवलं आणि निघून गेलं. शेजारी बैल मरून पडला होता, त्याचं एक शिंग मुळातून मोडलेलं. ट्रक असणार, असं सगळे म्हणाले. पंधरा वर्षं झाली, पण ट्रक दिसला की त्याची आई अनुसयाबाई अजून रस्त्यावर थुंकते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, प्रभूला जाळलं. आणि त्याच दुपारी शिवहार हॉर्न वाजवत होता.

"बा, ह्ये शिंगाचं भोक तुमी बुजवलं?"

मुंजाजी म्हणाला, "काम होईस्तोर तू त्यायच्या मांडीवर व्हतास. पोरगं गोड हाय तुजं, एवढंच म्हनले ते. मला एकच उरलं व्हतं." त्याने मान वळवून रस्त्याचा कानोसा घेतला. "मशीन चालू कर. बंद झालेलं तिकडं ऐकू जातंय."

शिवहारने मशीन चालू केलं. अक्षरं पुसायला एक फेरा पुरला असता. ती राहिली तर आईला इथे आणून दाखवता येणार होती. त्याचा हात खाली जाईना. ग्राइंडर हवेतच फिरत राहिला, आणि बाप-लेक दोघं तो नुसता आवाज ऐकत राहिले.

तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंग एरवी कधी वेळेवर नसायचं, आज मात्र अगदी वेळ साधून आलं. मशीन घरघरत थांबलं. समोर खुर्ची सरकली, आणि चपला रस्ता ओलांडून येऊ लागल्या.

शिवहार मडगार्डला पाठ लावून उभा राहिला. पत्रा तापलेला होता. सदऱ्यातून चटका बसला, पण तो हलला नाही.

"लाईट गेली, मालक," कुणी काही विचारायच्या आधीच मुंजाजी म्हणाला. "चारला येईल."

किशनराव आत आले. बॉनेट बघितलं, दारं बघितली. मग त्यांची नजर शिवहारच्या पायाशी पडलेल्या पुट्टीच्या भुकटीवर गेली. चपलेच्या टोकाने त्यांनी ती थोडी सारली. कोपऱ्यातलं स्टूल ओढून ते शिवहारच्या समोर बसले.

"बसतो मग चारपर्यंत. मला कुठं घाई हाय." त्यांनी त्याच्याकडे खालून वर बघितलं. "मोठा झालास रे. लहानपनी माज्या मांडीवर बसून हॉर्न वाजवला व्हतास. ध्यानात हाय का?"

"हाय की, मालक," शिवहार म्हणाला. "पोळ्याची कर व्हती त्या दिवशी."

दारात मुंजाजी भिंत चाचपत उठून उभा राहिला.