कॅमेऱ्याच्या खालची जागा

"पुन्हा एकदा लावा ना, भाऊजी," धाकट्याची बायको म्हणाली.

थोरल्याने रेकॉर्डिंग मागे नेलं. पडद्यावर समोरच्या घराचं दार उघडलं. धाकटा बाहेर आला. एक हात छातीवर, दुसऱ्यात फोन. भिंतीला धरत धरत तो कॅमेऱ्याच्या दिशेने चालत आला, जवळ जवळ येत गेला आणि पडद्याच्या खालच्या कडेशी दिसेनासा झाला. मग नुसतं उघडं दार. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना तो सापडला, तो जिन्याच्या वळणावर. तोवर सगळं संपलं होतं.

आई गेल्यापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. ऑपरेशन करायचंच म्हणून धाकटा हटून बसला आणि आई त्यातून उठलीच नाही, हे थोरल्याच्या मनातून काही केल्या जाईना. पुढे त्याच्या दारातला पेपर गायब होऊ लागला. हे समोरच्याचंच काम, असं तो धरूनच चालला आणि त्याने आपल्या दारावर कॅमेरा बसवायला माणूस बोलावला.

"काका, चुकतंय हे," तो माणूस शिडीवरून म्हणाला होता. "इतक्या वर, तोही असा समोर रोखून लावला, तर तुमच्याच दारात कोण उभं आहे ते दिसणार नाही. आणि दुसऱ्याच्या दारावर कॅमेरा धरूही नये. जरा खाली, कडेला घेऊ या."

"माझ्या दारात कोण येतंय? मला तेच दार दिसायला हवं."

पेपर खालच्या मजल्यावरचं कुत्रं पळवत होतं, हे महिन्याभरात कळलं. कॅमेरा मात्र तसाच राहिला.

"जिना तुमच्या दाराला लागूनच," ती म्हणाली. तिची नजर अजून त्या उघड्या दारावर होती. "मला एवढंच कळायला हवंय. इथून पुढे ते कुठे गेले? जिन्याकडे, की तुमच्याकडे?"

थोरल्याने चित्र तिथेच थांबवलं.

"रोज म्हणायचे, आज दादाशी बोलतो. धीरच व्हायचा नाही. शेवटी तरी आले असतील का हो? तुम्ही घरात नव्हतात, ते राहू द्या. आले होते, एवढं कळलं तरी मला..."

त्या कॅमेऱ्यात आवाज येत नव्हता. जिन्याकडे गेला म्हणून सांगितलं असतं, तर कोणी खोटं पाडणार नव्हतं. थोरल्याने पडदा बंद केला.

"माझ्याकडेच आला होता," तो म्हणाला. "मी घरातच होतो. बेल दोनदा वाजली. मोबाइलवर कॅमेरा बघितला, तर त्याचं दार सताड उघडं. वाटलं, भांडायला आलाय. मी टीव्हीचा आवाज वाढवला."