हिवराच्या चिंध्या

किलोमीटर १८

खुणा लावायच्या सुरुवातीपासून, काढायच्या शेवटापासून. सॅमसन सरांनी कमानीजवळची लाल पट्टी सोडली आणि गोणीत टाकली. सकाळची डोंगरातली सायकल शर्यत संपली होती. कमानीमागे सायकली टेम्पोत चढत होत्या.

"स्टेला थांबली का?"

"न्हाई सर." वाल्मिकनं मोटारसायकलला किक मारली. तिसगावात त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. "जामखेडची गाडी गाठायची म्हनली. जेवनाचा डबा पन न्हाई घेतला."

स्टेला सरांची भाची, खर्ड्याची. मुलींमधल्या पहिल्या तिघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. ती चौथी आली.

किलोमीटर १६

पट्टी. पट्टी. दगडाखाली दाबलेला पुठ्ठ्याचा बाण. पट्टी.

"सर, निकालावर तक्रार द्यायला अर्धा तास असतो ना?"

"असतो."

"कुनाकडं द्यायची?"

"माझ्याकडं."

वाल्मिकनं गिअर बदलला.

किलोमीटर १४

काल दुपारी सगळ्या मुली हा मार्ग एकदा फिरून गेल्या. तशी मुभा होती. स्टेलाचा फोन आला तेव्हा सर म्हणाले होते, "तू नको येऊस. मार्ग मी आखलाय. मामानं भाचीला वाट दाखवली म्हणतील."

"बरं मामा."

किलोमीटर १३

इथे खूण नव्हती. इथे चुकायला दुसरी वाटच नव्हती.

किलोमीटर ११

उतार संपतो तिथे वाट फुटते. उजवी खिंडीकडे चढते, शर्यतीची. डावी ओढ्यात उतरते. डावीच्या तोंडाशी एक हिवराचं झाड आहे. लेकरू आजारी पडलं की बायका त्याला कापडाची चिंधी बांधून जातात. कितीतरी वर्षांच्या चिंध्या. बहुतेक लाल.

सरांनी उजव्या वाटेवरची पट्टी सोडली. लाल, सुती. गेल्या वर्षीच्या खुणा प्लास्टिकच्या होत्या. त्यातली एक इथं शेळ्या राखणाऱ्या मालनबाईच्या शेळीनं खाल्ली आणि शेळी मेली. म्हणून यंदा सरांनी हट्टानं कापड आणलं होतं आणि घरी बसून स्वतः फाडलं होतं.

त्यांनी हातातल्या पट्टीकडे पाहिलं. मग हिवराकडे.

महिनाभर ते इथून जात-येत होते. झाड एकदाही दिसलं नव्हतं. ते त्यांच्या लहानपणापासून तिथंच होतं.

"मास्तर," मालनबाई दगडावर बसून म्हणाली. शेळ्या तिच्याभोवती घुटमळत होत्या. "झाडाच्या पन सोडून न्हेता का? गोनी रिकामीच दिसती."

वाल्मिक हसला. सर हसले नाहीत, तसा तोही थांबला.

डाव्या वाटेवर बाभळीची वाळकी फांदी आडवी पडली होती. मांडीएवढी जाड, वर सगळे काटे. दोन्ही बाजूंना निवडुंग, त्यामुळे वाट पुरती बंद.

"ही तुम्ही टाकली, मावशी?"

"मी कशाला टाकू? मला खाली जायचंय. एक पोरगी आली सगळ्यांच्या म्होरं. लई लांब म्होरं. झाडाकडं बघितलं न् सुसाट ओढ्यात. मी वरडले, तिला काय आइकू गेलं न्हाई. मग आली सायकल खांद्यावर घिऊन वर."

"मग?"

"मग काय. तवाबी तीच म्होरं हुती. पन जाईना. बांधावरनं ही फांदी वडत आनली. मी म्हनलं, बाई, तुझी शर्यत हाय ना? तर म्हनती, मागच्या चुकतील."

सरांनी गोणी खाली ठेवली.

"तवर तिघी गेल्या तिच्या बाजूनं," मालनबाई म्हणाली. "एकीनंबी झाडाकडं बघितलं न्हाई. त्यांना वाट म्हाईत हुती की."

वाऱ्यानं चिंध्या हलल्या.

वाल्मिकनं खिशातून मोबाईल काढला, सरांपुढे धरला. "लावा तिला. गाडीत असंल."

"काय सांगू?"

वाल्मिकनं मोबाईल परत खिशात ठेवला. मग तो फांदीकडे गेला.

"राहू दे," सर म्हणाले.

"ऱ्हाऊ दे काय?" मालनबाई उठली. "माझी जनावरं पान्यावर जायचीत. सकाळपासनं खोळंबलीत हितं."

सरांनी वाल्मिकला हातानं मागे सारलं. काटे चुकवत फांदीचा बुडखा धरला आणि ओढला. फांदी जागची हलेना. त्यांनी पाय रोवून पुन्हा ओढली. वीतभर सरकली. तळहातात काटा मोडला.

ते तसेच वाकून उभे राहिले.

"एकटीनं आणली?"

मालनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग उजवीकडच्या मोकळ्या वाटेकडे.

"दुसरं कोन हुतं हितं?"