सशाचे पॅड

नातीच्या सशासाठी पिंजऱ्यात काय अंथरायचं, यावर घरात बैठकच बसली. सून म्हणाली, "लाकडाचा भुसा घेऊ, स्वस्त पडतो." मुलगा म्हणाला, "रद्दी आहे की घरात!" आणि जन्मभर ज्यांनी रिकाम्या खोलीत पंखा फिरू दिला नाही, ते आप्पा चक्क म्हणाले, "छे! ते ओल शोषणारे पॅड मिळतात ना, तेच आणा. मुक्या जिवाच्या बाबतीत काटकसर नको."

वर पिंजरा साफ करायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं. सून थक्कच झाली. पण पॅडची पाकिटं भराभर संपायला लागली. "एवढासा जीव, पण नळ सोडल्यासारखा करतो!" असं ती वैतागून म्हणाली, की आप्पा पेपरात डोकं खुपसायचे.

एकदा ते फिरायला गेलेले असताना तिने पिंजरा उघडून बघितला. ससा कालच्या पेपरवर ऐसपैस पसरला होता. पॅडचा पत्ताच नव्हता. मग ती आप्पांच्या पलंगावरची चादर धुवायला काढायला गेली, आणि तिचा हात तसाच थांबला. चादरीखाली, गादीवर, दोन पॅड शेजारी शेजारी अंथरलेले होते.

तिने चादर होती तशी नीट खोचली आणि दुकानदाराला फोन लावला.

"हो, तेच पॅड. पण या वेळी मोठ्या साइजचे पाठवा. आमचा ससा अंगाने जरा मोठा आहे."