आठ एमबीचं कार्ड

"कार्ड फॉरमॅट करायचं का, असं विचारतंय," मारिट म्हणाली. तिचं बोट लॅपटॉपच्या बटणावरच होतं.

"हात काढ तिथून!" व्हर्नन टोलेफसन खेकसला. "फॉरमॅट केलंस की सगळं पुसलं जाईल. बावीस वर्षं वाट पाहिलीये मी या दिवसाची."

मारिटने हात मागे घेतला. बाई तेहतीस वर्षांची झाली होती, पण बाप खेकसला की अजून दचकायची. व्हर्ननला संगणकाचं ओ की ठो कळत नसे, म्हणून त्याने तिला शनिवारी सकाळी घरातून जवळजवळ ओढूनच आणलं होतं.

चर्चच्या तळघरात अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या पक्षीनिरीक्षक मंडळाचे चौदा सभासद कॉफी घेत बसले होते. लिंबाच्या वड्यांना कुणी हात लावला नव्हता. मंडळाचं पन्नास वर्षांच्या नोंदींचं पुस्तक छापायला जायचं होतं. ऑरिन लिंडग्रेनने बावीस वर्षांपूर्वी बंदराच्या धक्क्यावर पाहिलेला हस्तिदंती कुरव त्यात घ्यायचा की नाही, हे आज ठरायचं होतं. तो पांढराशुभ्र ध्रुवीय पक्षी इतक्या दक्षिणेला मंडळातल्या दुसऱ्या कुणालाही दिसला नव्हता.

ऑरिन शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला होता. तो पंच्याहत्तरीचा होता आणि त्याच्या अंगावरचा कोट त्याच्याइतकाच जुना दिसत होता.

"मित्रहो," व्हर्ननने घसा साफ केला. 'मित्रहो' म्हणताना त्याची नजर ऑरिनला वगळून फिरली. "ऑरिनने तेव्हा आपल्याला एकच फोटो दिला. धुरकट. त्यात पक्षी आहे की उडालेली पिशवी, देव जाणे. दुसरा फोटो का नाही, असं मी विचारलं. ऑरिन, काय म्हणाला होतास तू? सांग की सगळ्यांना."

"कार्ड भरलं होतं," ऑरिन म्हणाला.

"का भरलं होतं?"

"कॅमेरा चुकून टिफवर, म्हणजे सगळ्यात मोठ्या फाइलवर राहिला होता. एका फोटोत कार्ड संपलं."

"ऐकलंत?" व्हर्ननने खिशातून कागद काढला. पंधरा दिवसांपूर्वी ऑरिन घर सोडून वृद्धाश्रमात गेला, तेव्हा त्याच्या पुतण्याने अंगणात जुनं सामान विकायला मांडलं होतं. व्हर्ननने पाच डॉलरला तो कॅमेरा उचलला आणि आत कार्ड तसंच सापडलं. "कार्ड आठ एमबीचं. टिफमध्ये काढला तर यात खरंच एकच फोटो मावतो, मान्य. पण काल वाचनालयातल्या माणसाकडून मी आतली फाइल बघून घेतली. जेपीजी आहे! साधी, बारकी जेपीजी! तसे पंचवीस फोटो सहज मावतात. बाकीचं कार्ड रिकामं होतं. तू धडधडीत खोटं बोललास."

तळघरात कुजबुज झाली. ऑरिनने मान खाली घातली, आणि व्हर्ननला इतकं बरं वाटलं की त्याने थेट एक वडी तोंडात टाकली.

"खोटं बोललो," ऑरिन म्हणाला.

व्हर्ननचा घास अडकला.

"लिहून घ्या. मी खोटं बोललो. नोंद खोडून टाका, माझं नावही काढा. कार्ड तेवढं मला परत द्या." तो बोलत होता व्हर्ननशी, पण बघत होता मारिटकडे.

"बाबा, झालं ना आता," मारिट हळूच म्हणाली. "म्हातारा माणूस आहे. सोडा."

"तू गप्प बस! तुला काय कळतंय यातलं?" हा घाव जुना होता. मारिट लहानपणी पहाटे उठून त्याच्या मागोमाग दुर्बीण घेऊन यायची, पक्ष्यांची नावं घडाघडा म्हणायची. अकराव्या वर्षी तिने एकाएकी सगळं सोडलं, दुर्बिणीकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. व्हर्ननने त्याचाही राग ऑरिनवरच काढला होता. असल्या थापाड्यांमुळे पोरांचा विश्वास उडतो, असं तो चारचौघांत म्हणायचा. "एवढा घाबरतोय म्हणजे काहीतरी लपवतोय. पुसलेले फोटो परत काढता येतात, त्या माणसाने सांगितलंय मला. कार्डावर नंतर नवं काही भरलं नसेल तर."

"नाही भरलं," ऑरिन म्हणाला. "त्यानंतर मी फोटो काढलाच नाही कधी."

"मग उत्तमच! कॅमेरा कुठे रोखला होतास ते कळू दे सगळ्यांना. खेळण्यातला पक्षी ठेवला होतास का बर्फावर?"

"व्हर्नन," ऑरिन उठून उभा राहिला. त्याचा आवाज चिरकला. "मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. बंद कर ते यंत्र."

"मंडळाला शेंड्या लावताना नाही सुचलं हे?"

मारिट हलली नाही. तेव्हा व्हर्ननने तिची खुर्ची बाजूला सारली, वाचनालयातून आणलेला, जुनी कार्डं वाचणारा रीडर लॅपटॉपला स्वतःच जोडला आणि चिठ्ठीवर लिहून आणलेली बटणं एकेक करून दाबली. प्रोजेक्टरच्या उजेडात भिंतीवर निळी पट्टी सरकू लागली. मारिट दाराकडे निघाली आणि दारापाशीच थबकली.

पहिला फोटो तोच जुना, धुरकट.

दुसरा उमटला आणि सगळे उठून उभे राहिले. धक्का, बर्फ, आणि बर्फाहून पांढरा पक्षी. पाय काळे, चोचीचं टोक पिवळं. हस्तिदंती कुरव! तिसऱ्या फोटोत तो आणखी जवळ आला होता, न भिता. कुणीतरी टाळी वाजवली. व्हर्ननला घाम फुटला.

"मग हे का नाही दाखवलेस, मूर्खा?" तो ओरडला. "का लपवलेस?"

 ऑरिनने डोळे मिटून घेतले होते.

चौथ्या फोटोत पक्षी आडवा पडला होता आणि बर्फ लाल झालं होतं. पाचव्यात छऱ्यांची बंदूक काखेत मारून, त्या पक्ष्याचे पंख दोन्ही हातांनी पसरून, बाबांसाठी काय जिंकून नेते आहे अशा आनंदाने अकरा वर्षांची मारिट हसत होती.